अर्धं हळकुंड

सत्त्याण्णव साली पलूसच्या एका शाळेत
अठ्ठेचाळीस मुलं मी दोन रांगांत बसवली.
एका रांगेच्या मुठीत हळकुंड,
दुसरीच्या मुठीत तेवढ्याच वजनाचा खडू.
वीस शब्द वाचून दाखवले,
नांगर, कंदील, मावशी, गिरणी, काजळ…
दहा मिनिटांनी म्हटलं, आता आठवा.

हळकुंडवाल्यांना जास्त आठवले.
थोडे जास्त.
रात्री कॅल्क्युलेटरवर, मग पुन्हा वहीत हातानं,
पी आला शून्य पूर्णांक शून्य सहा दोन.

आरवाडे सरांनी चष्मा कपाळावर नेला.
"शून्य पूर्णांक शून्य पाच हा उंबरठा आहे, बाई.
बाहेर उभ्या राहिलेल्याला पाणी विचारतात,
पाहुणा म्हणत नाहीत."
मग आवाज उतरवून,
"ती सतरा नंबरची आणि तो एकतीस नंबरचा,
पेंगत होती ना ती दोघं?"

मला आठवेना.
कुणाचं तरी नाक वाहत होतं, एवढंच.
मी म्हटलं, हो.

शून्य पूर्णांक शून्य तीन आठ.
विभागात भडंग वाटलं.
प्रबंधाला काळी बांधणी, वर सोनेरी अक्षरं.
पी हळद अन् हो गोरी म्हणतात ना,
तसा मी तो पी प्यायले
आणि डॉक्टर झाले.

अठ्ठावीस वर्षांनी तहसीन बागवान
मिरजेहून सव्वानऊच्या बसनं येऊन
माझ्या टेबलावर एक बंद लखोटा ठेवून गेली.
किती मुलं, कोणते शब्द,
कुणाला वगळायचं आणि कशासाठी,
सगळं आधीच लिहून, तारीख घालून.
मग सात शाळा. सहाशे बारा मुलं.
हळकुंडं मार्केट यार्डातनं निवडून आणलेली,
सोनाराच्या काट्यावर तोललेली.

शून्य पूर्णांक सात एक.
"काहीच नाही निघालं, मॅडम,"
माझ्या घरचा कप फुटल्यासारखी ती उभी.
मी म्हटलं, निघालं की गं.
आणि चहा ठेवायला आत गेले,
बराच वेळ आत राहिले.

त्याच आठवड्यात कृष्णा चढली.
आयर्विन पुलावर छत्र्याच छत्र्या,
सगळ्यांचे डोळे पट्टीवर.
पंचेचाळीस फुटांना धोका.
पाणी चव्वेचाळीस फूट नऊ इंच.
खालच्या गल्लीतल्या गाद्या तर कालच माळ्यावर गेलेल्या,
गल्लीला कुठला आकडा माहीत होता?
कुणीतरी म्हणालं, "मगदूम, पंचेचाळीसच लिहा की,
तीन इंचांनी काय होतंय!"
तो वहीवर छत्री धरून लिहीतच राहिला.
"वरचं तीन इंच नदीनंच दिल्यालं न्हाईत अजून.
मी कुठनं देऊ?"

घरी येऊन जुनी ट्रंक उपसली.
तक्ता सापडला. दोन ओळींवर लाल रेघ,
पट्टीनं मारलेली, अगदी सरळ.
एकतीस नंबर, हळकुंड, तीन शब्द.
सतरा नंबर, खडू, चौदा शब्द.

चौदा.
नुसता खडू धरून चौदा शब्द आठवणारी पोर
पेंगत नव्हती.

नावाचा रकाना मी तेव्हाच कापून टाकला होता,
गोपनीयता म्हणून.
आज असेल अडतीस-एकोणचाळीसची,
पलूसला किंवा कुठंही.
तिला कोण सांगणार
की एका दुपारी ती जास्त हुशार निघाली
आणि म्हणून नव्हतीच?

विद्यापीठाला पत्र लिहायला घेतलंय.
"आदरणीय महोदय"च्या पुढं तीनदा खोडलं.
अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं हा वाक्प्रचार
आम्हाला सातवीत होता,
वाक्यात उपयोग करा, दोन गुण.

मधेच उठून ते वीस शब्द मोठ्यानं वाचले,
घड्याळ लावलं, मूठ रिकामी ठेवली.
नऊ आठवले.
एक बाई, एक रात्र, पाण्याचा आवाज.
यावरून काहीही सिद्ध होत नाही,
हेसुद्धा पत्रात लिहिलं.